तोटीखाली जमलेलं गाव

परत आल्यापासून दारात उभी असलेली आमची गाडी पाहायला लोक येतात. कुणी आत डोकावून म्हणतं, "अगंबाई, ओटासुद्धा आहे की!" कुणी बाक दाबून पाहतं, कुणी खिडक्यांचे पडदे. गाडीच्या पोटाखाली मात्र कुणी वाकून पाहत नाही. या प्रवासात मी बराच वेळ तिथे काढला, आणि पाहण्यासारखं जे पाहिलं त्यातलंही बरंचसं तिथूनच पाहिलं.

अशी गाडी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. माझे यजमान माधवराव नाशकातल्या एका छापखान्यात तीस वर्षं यंत्रं सांभाळत होते. निवृत्तीच्या आदल्या वर्षी त्यांनी लिलावात एक जुनी रुग्णवाहिका घेतली आणि दोन वर्षं अंगणात तिच्यावर काम केलं. दोन बाक, रात्री जोडले की पलंग, स्टोव्हपुरता ओटा, भिंतीला मिटवता येणारं टेबल. गाडीच्या तळाखाली, दोन चाकांच्या मधे, जस्ती पत्र्याची तीस गॅलनची पाण्याची टाकी. तिचं झाकण आत, बाकाखाली उघडतं. आणि तळाला, टाकी धुऊन काढण्यासाठी, एक पितळी तोटी.

टाकी हा माझा हट्ट होता. आदल्या पावसाळ्यात माधवरावांचं मूतखड्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, दिवसाला दोन तांबे भरून पाणी, तेही उकळलेलंच, आणि त्यात खाडा चालणार नाही. वाटेत मिळेल तिथलं मिळेल तेव्हा पिऊ, हा प्रकार मला मान्य नव्हता. म्हणून निघायच्या आधी मी अट घातली. पाणी आपल्याजवळ, आपल्या टाकीत. ज्या दिवशी टाकी दगा देईल त्या दिवशी गाडी नाशिककडे वळवायची. त्यावर वाद नाही. सोलापूर, विजापूर, हंपी असा बेत त्यांनी दोन वर्षं नकाशावर बोट ठेवून केला होता. त्यांनी अट ऐकली आणि म्हणाले, "टाकी मी केलीय. ती दगा देणार नाही."

सोलापूर

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सोलापुरात पोचलो. तिथल्या एका गल्लीतून दोनदा गेलो, केवळ आवाजासाठी. दोन्ही बाजूंच्या घरांतून मागांची खटाखट चाललेली, आणि दारात बायका तेलुगूत एकमेकींशी बोलताहेत, त्या खटाखटीच्या वर आवाज चढवून. आमच्याकडे इतक्या आवाजात बोलणं म्हणजे भांडण. इथे मीठ-मिरचीचे भाव चालले होते.

गाडी थांबवून मी रोजच्यासारखी टाकीत पट्टी घातली. ही माझी बांबूची पट्टी. तिच्यावर मी चाकूने खुणा केल्या आहेत. सकाळी भरलेली टाकी दुपारी चार बोटं उतरली होती. आम्ही दोन कप चहा आणि माधवरावांचा एक तांबा, एवढंच पाणी घेतलं होतं. मी गाडीखाली वाकून पाहिलं. तोटीच्या टोकाला थेंब जमत होता. मोठा झाला, सुटला, लगेच दुसरा.

माधवरावांनी सुताचा दोरा गुंडाळून तोटी आवळली. थेंब थांबला नाही. शेवटी बाजाराजवळ नळदुरुस्तीचं दुकान शोधलं. तिथले मिस्त्री साठीचे, डोक्यावर जाळीची टोपी. त्यांनी तोटी काढून उजेडात धरली.

"अम्मा, टाकी तुमारी एकदम पक्की है. तोटी के पेच घिस गए. नवी बिठा देतूँ, बात खतम."

"आणि नाही खतम झाली तर?" मी विचारलं.

"तो वापस आके मेरे कू सुनाओ. सुन लेतूँ."

तोटी खरंच झिजलेली होती, त्यामुळे त्यांना मी दोष देत नाही. नवी बसवली, टाकी भरली. अर्धा तास कोरडं राहिलं. माधवराव शीळ घालत गाडीत चढले आणि आम्ही विजापूरच्या रस्त्याला लागलो.

ती जमीन मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. आमच्याकडे कुठेही पाहा, नजरेला कुठलातरी डोंगर अडवतो. इथे अडवायला काहीच नाही. काळी माती, तिच्यावर पुरुषभर उंचीची ज्वारी, आणि ती थेट आकाशाला टेकलेली. गाडी चालते आहे की जागच्या जागी आहे, असा प्रश्न पडावा. मी सहसा खिडकीशी बसून विणते. त्या दिवशी सुया पिशवीतच राहिल्या.

वीस-बावीस मैलांवर चहाला थांबलो. मी पट्टी घातली. पाणी अर्ध्यावर आलं होतं.

माधवरावांनी पट्टी माझ्या हातातून घेतली, स्वतः घालून पाहिली.  मी अट बोलून दाखवली नाही. दोघांनाही ती पाठ होती.

"एकदा मला नीट उघडून पाहू दे," शेवटी ते म्हणाले. "नाही जमलं तर वळू."

होनकेरी

मुख्य रस्त्यापासून पूर्वेला अर्ध्या मैलावर होनकेरी गाव. गावाच्या अलीकडे एका विहिरीशेजारी लिंबाची सावली दिसली, तिथे गाडी लावली. शेताचे मालक शिवलिंगअप्पा बांधावरूनच हात करत आले. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, अंगात स्वच्छ पांढरी बंडी. आम्ही कोण, कुठले, कशासाठी थांबलो, हे त्यांनी मराठीत विचारून घेतलं आणि मग खोपीकडे वळून बायकोला हाक दिली, "नीर तगोंड बा!" ती तांब्या घेऊन आली तेव्हा मला हाकेचा अर्थ कळला.

तिने भांडं हातात दिलं नाही. आधी विचारलं, "अर्धं, का भरून?"

आमच्याकडे पाहुण्याला असं विचारणं म्हणजे कद्रूपणा. मी अर्धं म्हणाले. तिने मोजून अर्धं ओतलं. मी दोन घोट ठेवले, तर ते तिने माझ्यासमोरच कोंबड्यांच्या थाळीत ओतले. अवर्षण सरून दोन पावसाळे झाले होते. विहिरीला पाणी होतं. डोकावून पाहिलं तर हाताच्या अंतरावर चमकत होतं. पण सवय उतरलेली नव्हती.

हे मी पाहिलं होतं, आणि तरीही पुढचं व्हायचं ते झालं. माधवरावांनी ठरवलं की टाकी रिकामी केल्याशिवाय जोड दिसणार नाही. उताणे होऊन गाडीखाली सरकले आणि पान्याने तोटी फिरवून काढूनच टाकली. पाण्याची जाड धार काळ्या मातीवर पडायला लागली.

"ओ! ओ सायेब! काय चाललंय ह्ये?"

ज्वारीतून पाच-सहा बायका गवताचे भारे घेऊन येत होत्या. पुढची बाई उंच, हडकुळी, कासोटा घातलेली, माझ्याच वयाची असावी. तिने डोक्यावरचा भारा होता तिथे टाकला, पळत आली, गाडीखाली शिरली आणि धारेच्या तोंडात अंगठा दाबला. धार थांबली. गाडीच्या एका बाजूने माधवरावांचे पाय बाहेर, दुसऱ्या बाजूने हिचे.

"सायेब, पाणी नासलंय का?" खालून तिचा आवाज आला.

"नाही. चांगलं आहे."

"मग मातीला का पाजताय?"

"विहीर आहे ना इथे. पुन्हा भरून घेऊ."

"विहीर काय तुमच्या गाडीमागनं येनार हाय व्हय?"

बायका खळखळून हसल्या. मीही हसले; माधवराव सोडून सगळेच हसले. मग तिने आमच्याकडे मान वळवली. "आन् तुमी बगत काय उभ्या ऱ्हायलाय? माजा अंगठा काय बूच हाय का? भांडी आना की!"

ही सोजरबाई. दुष्काळी कामांवर चाळीस बायकांच्या टोळीची मुकादम होती, हे मला नंतर कळलं. पण न सांगताही कळायला हरकत नव्हती. बायका गावाकडे पळाल्या आणि घागरी, हंडे, कळश्या घेऊन आल्या. एकेक भांडं खाली सरकवायचं, सोजरबाई अंगठा उचलायची, भांडं भरत आलं की दाबायची. एक थेंब इकडेतिकडे नाही. पण प्रत्येक भांडं ती काठापासून चार बोटं रिकामं ठेवत होती.

"अजून मावेल की," मी म्हणाले.

"आत बगा."

मी घागरीत वाकून पाहिलं. गळ्याच्या आतल्या बाजूला खिळ्याने ओरखडलेली रेघ होती. दुसऱ्या घागरीत पाहिलं, तिथेही. हंड्यात तीन रेघा, एकाखाली एक.

"टँकर यायचा तवाच्या हायत," सोजरबाई म्हणाली. "रेघेपातूर एकाचा वाटा. खाली न्हाय, वर न्हाय. भांडन नगं." मग पुढचं भांडं ओढत, "मी मारल्यात समद्या."

सबंध गावातल्या भांड्यांच्या गळ्यात या बाईच्या हातची रेघ होती. मी शाळेत गृहशास्त्र शिकवते. मापं, वाट्या, चमचे यांवर मुलींना वर्षभर व्याख्यानं देते. त्या घागरीपुढे मी नुसती वाकून उभी राहिले.

पाणी भांड्यांतून गावात गेलं. मी मनात त्यावर पाणी सोडलं आणि टाकीकडे वळले. माधवराव जोडाला पुन्हा दोरा गुंडाळायच्या तयारीत होते. सोजरबाईने त्यांचा हात धरला.

"गळतंय कुटनं?"

"तोटीच्या पेचातून. दुसरं कुठून गळणार?"

"बगितलंय?"

"दिसतंय ना!"

"थेंब पडतोय तितं दिसतंय. गळतंय कुटनं त्ये न्हाय दिसत."

तिने खोपीतल्या चुलीतली राख आणवली, फडक्यातून चाळली. तोटी परत बसवून टाकीत दोन कळश्या पाणी घालायला लावलं. तळ फडक्याने कोरडाठक्क पुसला आणि त्यावर राख फुंकली, भाकरीवर पीठ भुरभुरावं तशी. सगळा तळ राखाडी झाला. आम्ही पाहत राहिलो. हळूहळू राखेत एक काळी रेघ उमटली. ती तोटीच्या पेचापाशी नव्हती. तोटी ज्या नळीत बसते ती नळी टाकीच्या पत्र्याला कथिलाने डाखलेली आहे; त्या डाखाच्या कडेला, केसाएवढी चीर. पाणी तिथून निघून नळीवरून घसरत तोटीच्या टोकाला येत होतं. सोलापुरापासून आम्ही थेंबाशी झगडत होतो आणि चीर वर बसून मजा पाहत होती.

माधवरावांचा चेहरा उतरला. डाख त्यांच्या हातचा होता.

"डाख पुन्हा देता येईल," मी म्हणाले.

"आणि पुन्हा तडकेल. रस्त्याचे हादरे बसणार, पत्र्यावर पत्रा..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. पान्याला लागलेली माती पुसत बसले. मी त्यांना तीस वर्षं ओळखते. हत्यारं पुसायला लागले म्हणजे त्यांच्या मते काम संपलं.

दगडूतात्या

"दगडूतात्याला बोलवा," सोजरबाई म्हणाली.

दगडूतात्या मोटा शिवायचे. ज्यांना मोट आठवत नसेल त्यांच्यासाठी: विहिरीतून बैलांनी ओढून काढायची कातड्याची मोठी पखाल. आता जो तो विजेचा पंप बसवतो. तात्यांनी पाच-सहा वर्षांत नवी मोट शिवली नव्हती. सत्तरीचा माणूस, पाठीत वाकलेला, पण बोटं अशी की पान्याची गरज पडू नये. त्यांनी चीर पाहिली, नखाने खरवडली.

"लोखंडाला लोखंड टेकलं की त्ये भांडनारच," ते म्हणाले. "मधी मऊ काय तरी पायजे."

त्यांचा उपाय साधा होता. डाखलेली नळी उडवून टाकायची. भोकातून पेचाची आखूड नळी आरपार घालायची, आतून एक चाकी, बाहेरून एक चाकी. आणि प्रत्येक चाकीखाली कातड्याची चकती. माधवरावांच्या सामानात अशी नळी आणि चाक्या होत्या. त्यांच्या पेटीत काय नव्हतं! ते उठून उभे राहिले.

"टाकीत कातडं?" शिवलिंगअप्पा म्हणाले. "प्यायच्या पाण्यात?"

 मघाशी तात्या आले तेव्हा अप्पांच्या बायकोने त्यांनाही पाणी विचारलं होतं. पण भांडं दिलं नव्हतं. वरून ओतलं आणि तात्या वाकून ओंजळीने प्यायले. मी ते पाहिलं आणि बोलले नाही. पाहुणी म्हणून गप्प बसले की सोय म्हणून, ते अजून मला ठरवता आलेलं नाही.

तात्या आरीला धार लावत होते. वर न बघता म्हणाले, "अप्पा, गावातला हातपंप हाय न्हवं?"

"हाय की."

"त्याच्या पोटात काय हाय?"

तात्यांनी आरीची धार अंगठ्यावर पाहिली.

"कातड्याची वाटी हाय. झिजली की मीच बदलतो. मागल्या म्हैन्यात बदलली. तवापासनं समदं गाव पितंय. तुमी बी पिताय. देवाला बी त्येच घालताय."

सोजरबाईने पदर तोंडाला लावला. अप्पांनी विहिरीकडे पाहिलं. मग मोठ्याने हसले आणि कानडीत बायकोला काहीतरी म्हणाले. ती आत जाऊन चहाचं आधण ठेवायला लागली. चहा तात्यांनाही आला, कपातून. मात्र तो कप वेगळा होता. एवढंच झालं. त्याहून जास्त झालं असं लिहिणार नाही.

चकत्या तात्यांनी जुन्या मोटेच्या कातड्यातून कापल्या. "बारा वरसं पान्यात ऱ्हायलंय ह्ये. आता ह्येला काय व्हतंय!" मग त्यांनी एक काळं मडकं उघडलं. आत मधासारखं घट्ट, काळपट रोगण. करडईचं तेल मंद आचेवर तासन्‌तास आटवायचं आणि नेमक्या क्षणी गार पाण्यात ओतायचं, की त्याचं हे होतं. मोटेला हेच चोपडायचे. मग कातडं पाण्यात कुजत नाही. मी बोटाला घेऊन हुंगलं, जिभेला लावून पाहिलं. ना वास, ना चव. करडईच्या तेलाची आम्ही आजवर भजी तळली. त्या तेलाचं हे रूप मला ठाऊक नव्हतं.

आतली चाकी धरायला टाकीच्या झाकणातून खांद्यापर्यंत हात घालावा लागत होता. माधवरावांचा दंड मावेना. मी बांगड्या उतरवून ओट्यावर ठेवल्या आणि बाकाखाली पालथी झाले. गाल गाडीच्या तळाला, हात टाकीत, खाली तात्या. दिसत कुणालाच काही नव्हतं.

"बाई, धरली का?"

"धरली."

"फिरू देऊ नका. मी खालनं आवळतो. एकदा ठोकलं की ढिली, दोनदा ठोकलं की घट्ट धरायची."

पत्र्यावर एक ठोका. मी बोटं सैल केली. चकती किंचित सरकली, नेमकी जागेवर बसली. दोन ठोके. मी दात आवळून धरली. दोन ठोके. पुन्हा दोन. पत्र्याच्या पलीकडून त्या म्हाताऱ्या हाताचा जोर माझ्या बोटांत येत होता, आणि कधी थांबायचं हे मला त्यांच्याआधी कळायला लागलं. अनोळखी माणसाबरोबर इतकं बिनचूक काम मी आयुष्यात केलेलं नाही.

"बास," तात्या म्हणाले. "आता उद्या दुपारपातूर पान्याचं नाव न्हाय. रोगण धरू द्या."

मोबदला विचारला, त्यांनी सांगितला, मी दिला.

धरणावर

दुसऱ्या दिवशी सकाळी सोजरबाई मला घेऊन निघाली. "राख कुटं शिकली इचारत हुता न्हवं? चला, दावते."

वाटेत अप्पांच्या शेतात हुरडा चालला होता. कोवळी कणसं गोवऱ्यांच्या आरात भाजायची, तळहातावर चोळायची आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खायची. नाशकात आम्ही हुरडा खातो तो आठवण म्हणून. इथे ते जेवण होतं. मी किती खाल्ला ते सोजरबाईने मोजलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं.

चढ चढून वर गेलो आणि मी थांबले. समोर पाणी होतं. त्या सपाट, कोरड्या, क्षितिजापर्यंत काळ्या मुलखात निळं पाणी, त्यावर बदकं, आणि पाण्याला अडवून उभा दोन मजली उंचीचा मातीचा बांध, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ.

"यंत्र कुठलं होतं?" मी विचारलं.

सोजरबाईने दोन्ही हात पुढे केले.

पाझर तलाव, तिने सांगितलं. दुष्काळात दोन उन्हाळे इथे काम चाललं. पुरुष खणत, बायका पाट्या वाहत. ह्या बांधात पाटी पाटी करून डोक्यावरून आलेली नाही अशी मूठभर मातीसुद्धा नाही. मी मनात हिशेब करायला गेले, एका पाटीत किती, एका खेपेत किती, आणि सोडून दिला. देवळं, घुमट, किल्ले पाहताना मी नेहमी विचारते, हे कुणी बांधलं? उत्तरात राजाचं नाव येतं. इथे बांधणारी माझ्या शेजारी उभी राहून दातातला हुरडा काढत होती.

"पयलं पानी भरलं," ती म्हणाली, "तवा समद्यांस्नी भ्या वाटलं. बांध कुटं गळला तर? धार फुटली की संपलं. मग आमी पायथ्याला राख पसरली, ह्या टोकापास्नं त्या टोकापातूर. आन् बसलो बगत. पाच दीस. राख कुटं काळी व्हतीया बगायला."

"झाली?"

"दोन जागी. दाबून काढल्या." तिने बांधावर पाय आपटला. "तळानं झिरपावं, त्यासाठीच हाय त्यो. हिरींना पाणी त्याचंच. पर कुशीनं गळू नये."

  पाच दिवस राखेकडे पाहत बसलेल्या बायका मला दिसत होत्या. आमच्या टाकीच्या तळावर राख फुंकताना तिचा हात इतका स्थिर का होता, तेही आता कळलं.

दुपार

परत आलो तेव्हा गाडीशेजारी घागरी, हंडे, कळश्या रांगेत लागल्या होत्या. कालच्याच. प्रत्येक भांडं रेघेपर्यंत भरलेलं, वर फडकं बांधलेलं.

"हे आमचं पाणी?" मी विचारलं.

"मग कुनाचं?"

"अहो, मी समजले तुम्ही वापरलंत. विहिरीचं घेतलं असतं आम्ही."

"ठिवायला दिलं हुतं," सोजरबाई मला समजावत म्हणाली, लहान मुलीला समजवावं तसं. "ठिवलेलं वापरत्यात व्हय?"

बायका ओळीने उभ्या राहिल्या, धरणावर उभ्या राहत असतील तशा, आणि भांडी हातोहात गाडीत आली. त्यांचं संपल्यावर वरचं विहिरीतून. मी झाकणाशी बसून ओतत होते. टाकी गळ्यापर्यंत भरली. तोटी बंद. सोजरबाईने तळ पुसला, नव्या चाकीभोवती राख फुंकली आणि जमिनीवरही पसरली.

"आता बसा."

सगळे बसले. गवताच्या बायका, त्यांच्यामागून आलेलं निम्मं गाव, अप्पा, त्यांची बायको, रस्त्याने जाणारे दोन सायकलवाले, आणि चाकाला पाठ टेकून तात्या. पन्नासेक माणसं जमिनीला कान लावल्यासारखी वाकून गाडीच्या पोटाकडे पाहत होती आणि एक शब्द नाही. मी खाली पोतं अंथरून आडवी झाले. तासभर मी देवळातसुद्धा इतकी गप्प बसलेली नाही.

माधवराव मात्र तिथे नव्हते. ते पलीकडे ज्वारीच्या कडेला पाठ करून उभे होते. दोन वर्षं अंगणात त्यांनी वाकून वाकून जी गाडी केली तिचा निकाल त्यांना स्वतः पाहायचा नव्हता.

सावली विहिरीच्या काठावरून खोपीच्या निम्म्या अंगणात आली. अप्पांनी खिशातलं घड्याळ काढलं, परत ठेवलं. राख राखाडीच होती. मी बोट लावलं, कोरडं. चाकीच्या वरच्या कडेला, मागच्या बाजूला, सगळीकडे लावलं. बोटाला नुसती राख आली.

तात्यांनी विचारलं, "काय बाई?"

मी गाडीखालून बाहेर आले आणि बोट त्यांना दाखवलं. त्यांनी ते पाहिलं, मान हलवली आणि आपलं मडकं झाकलं.

"सुटा आता," सोजरबाई म्हणाली. "सायेबांना पानी पाजत जावा. आन् सांडू नका."

मी हाक मारली, "अहो, किल्ली आणा."

ते आले. माझ्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही, गाडीत बसले. बायकांनी हात केले नाहीत. त्या आधीच भारे उचलून चालायला लागल्या होत्या. धुळीच्या वाटेने आम्ही मुख्य रस्त्यापर्यंत आलो. तिथे त्यांनी गाडी थांबवली आणि यंत्र चालू ठेवून वाट पाहिली. उजवीकडे सोलापूर आणि नाशिक, डावीकडे विजापूर. अट माझी होती, म्हणून सांगायचंही मलाच होतं.

राखेने भरलेला हात मी खिडकीबाहेर काढला आणि डावीकडे दाखवला.